राणीखेतची रात्र आणि न आलेली मालगाडी

राणीखेत हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा आलं ते कोंबड्यांबरोबर. माझा मामा अमळनेर सोडून नवापूरला गेला, तिथं त्याने पोल्ट्री टाकली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिकडे गेलो की मामी एकेक पिल्लू हातात धरायची आणि मामा त्याच्या डोळ्यात लासोटा लसीचा थेंब सोडायचा. कशाला रे मामा? तर राणीखेत होऊ नये म्हणून. राणीखेत म्हणजे मानमोडी. पिल्लू मान पिरगाळून गोल गोल फिरायला लागतं आणि आठ दिवसांत शेड रिकामं होतं. पुढे २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू आला आणि तेव्हा मामाचं बरंच काही गेलं, पण त्याच्या आधीची भीती म्हणजे हेच नाव, राणीखेत. त्यामुळे काठगोदामहून निघालेल्या टॅक्सीत ड्रायव्हर म्हणाला की माताजींची तब्येत बघता आज कौसानीचं राहू द्या, राणीखेतला मुक्काम करा, तेव्हा मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली माझी माय एकदम सरळ बसली आणि मला म्हणाली, "राणीखेत? ते गावनं नाव शे?"

गावाचंच नाव आहे. तो आजार आपल्या देशात तिथं ओळखला गेला म्हणून गावाचं नाव त्याला चिकटलं. आणि मूळ कथा अशी सांगतात की कुणा राणीला ही जागा फार आवडली, राजाने तिच्यासाठी इथं महाल बांधला, पुढे महाल गेला आणि राणीचं खेत तेवढं राहिलं. माय हे ऐकून म्हणाली, एवढं सुंदर नाव आणि आपण कोंबड्यांना दिलं. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

आम्ही आखाजी करून निघालो होतो. आखाजी म्हणजे खान्देशात काय असतं ते बाहेरच्यांना सांगावं लागतं. कॅलेंडरवर अक्षय तृतीया लिहिलेलं असतं, लोक सोनं घेतात वगैरे, पण आमच्याकडे हा सासरी गेलेल्या मुलींचा सण आहे, माहेरी यायचं, लिंबाला बांधलेल्या झोक्यावर बसायचं, गाणी म्हणायची, गौराई बसवायची, सांजोऱ्या आणि आमरस खायचा आणि दोन-चार दिवस कुणाची सून नसायचं. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांची घागर भरायची. मातीची घागर, थंड पाणी, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आंबा ठेवायचा, आणि चुलीत आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, टाकायची. आबा, म्हणजे माझे वडील, जाऊन सहा वर्षं झाली. मी दरवर्षी पुण्याहून आखाजीला भुसावळला येते, माय घागर भरते, आम्ही दोघी दुपारभर पंख्याखाली पडून राहतो, बाहेर पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो. त्या वर्षी मी ठरवलं की घागर झाली की मायला थंड हवेला घेऊन जायचं. ती आधी नाही म्हणाली, मग दशम्या करायला बसली, तेव्हा मी समजले की येतेय.

रात्री अडीचच्या सुमाराची पंजाब मेल, दुसऱ्या दिवशी दिल्ली, तिथून जुन्या दिल्लीच्या स्टेशनवरून राणीखेत एक्सप्रेस, पहाटे काठगोदाम. राणीखेत एक्सप्रेस राणीखेतला जात नाही, तिथवर रूळच नाहीत, डोंगर सुरू झाला की रेल्वे संपते. मायला ही गोष्ट फार विचित्र वाटली. तिचं सगळं आयुष्य जंक्शनच्या गावात गेलं, जिथून चारी दिशांना गाड्या सुटतात, आणि इथं स्टेशनच्या पुढे बफर आणि त्याच्या मागे सरळ डोंगर. "काठगोदाम म्हणजे लाकडाचं गोदाम," मी सांगितलं, वर जंगलात तोडलेलं लाकूड इथं आणून साठवायचे. ती बोर्डाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग आबांच्या रुळाखालचे स्लीपर इथूनच येत असतील." मी तेव्हा फक्त हो म्हटलं.

तिचं हे वाक्य उगाच नव्हतं. माझे आबा रेल्वेत की-मॅन होते. रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी चालायचा, खांद्यावर हातोडा, लांब पाना, रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या असतील तर ठोकायच्या, फिशप्लेटचे बोल्ट बघायचे. उन्हाळ्यात रूळ तापून फुगतो आणि वाकू शकतो, म्हणून भर दुपारी बारा ते तीन पेट्रोलिंग असायचं आणि पावसाळ्यात रात्रीचं. त्यांच्या सुरुवातीच्या काळात लाकडी स्लीपर होते, डांबरासारखं तेल पाजलेले, उन्हात त्यांचा असा काही वास यायचा की तो आमच्या घराचाच वास झाला होता, कारण आबांच्या कपड्यांना तोच वास असायचा. मग सिमेंटचे स्लीपर आले आणि जुने लाकडी भंगारात निघाले. त्यातला एक आबांनी विकत घेऊन दारापुढे बाक केला. तो अजून आहे.

भवालीपर्यंत वळणांनी मायला पार हैराण केलं. खैरनाच्या पुलावर अल्मोड्याचा रस्ता एकीकडे आणि राणीखेतचा दुसरीकडे फुटतो, तिथून कोसी नदी सोडून आपण वर चढायला लागतो आणि चीडची, म्हणजे पाइनची, झाडं दोन्ही बाजूंनी सुरू होतात. गाडीची काच खाली केली तर वास आला. माय म्हणाली, "थांब." ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. एका झाडाच्या खोडावर साल तासलेली होती, त्याला खाली एक वाटीसारखं भांडं अडकवलेलं होतं आणि त्यात पिवळट घट्ट डिंकासारखं जमलेलं. ड्रायव्हर म्हणाला हा लीसा. यापासून टर्पेंटाइन निघतं आणि मागे उरते ती राळ. मायने बोट लावलं, नाकाशी नेलं आणि काही बोलली नाही. मी पण वास घेतला. डांबराचा नव्हता, पण त्याच्या जवळचा होता, म्हणजे दिवाळीला दारं रंगवायला आबा रंगात जे टर्पेंटाइन ओतायचे तो वास आणि उन्हातल्या लाकडाचा वास एकत्र केला तर जे होईल ते.

या झाडाबद्दल मला नंतर बरंच वाचायला मिळालं आणि जितकं वाचलं तितकं माझं मन दोन्हीकडे ओढलं जायला लागलं. दिसायला ते इतकं देखणं आहे, सरळसोट, वर जाऊन वाऱ्याला मोकळं. सुया तीन-तीनच्या जुडीत असतात. पण त्या गळल्या की जमिनीवर जाड थर बसतो, त्याला तिकडे पिरूल म्हणतात, त्यावर पाय घसरतो, त्याखाली गवत नीट वाढत नाही आणि उन्हाळ्यात एक ठिणगी पडली की डोंगर पेटतो. इंग्रजांना रेल्वे टाकायची होती. एका मैलाच्या रुळाला १,७६० ते २,००० स्लीपर लागतात, म्हणजे तेवढं लाकूड पाहिजे, आणि ते सतत मिळावं म्हणून १८६४ ला जंगलखातं काढलं. कुमाऊंमध्ये लाकूड आणि लीसा दोन्हीसाठी चीड वाढवला गेला आणि गावकऱ्यांचे चराईचे, सरपणाचे, पाल्याचे हक्क बांधून टाकले. लोकांना पाहिजे होता बांज, म्हणजे तिकडचा ओक, ज्याचा पाला गुरं खातात आणि ज्याच्या मुळाशी पाणी टिकतं. १९२१ ला लोकांनी चीडची जंगलं पेटवून दिली होती. हे वाचताना मला दारापुढचा बाक आठवत होता. ज्याच्यावर बसून मी अभ्यास केला त्या लाकडामागे कुठल्या तरी डोंगरातल्या बाईची सरपणाची वाट बंद झालेली असणार, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

राणीखेत सहा हजार फुटांवर आहे आणि ते लष्कराचं गाव आहे. १८६९ ला इंग्रजांनी छावणी केली आणि आज तिथं कुमाऊं रेजिमेंटचं केंद्र आहे. त्यामुळे तिथं गर्दी नाही, हॉटेलांच्या रांगा नाहीत, रस्ते झाडलेले, झाडांना चुना मारलेला. ड्रायव्हर स्वतः रेजिमेंटमधून रिटायर झालेला. ग्राउंडजवळून जाताना त्याने गाडी हळू केली आणि सांगितलं की पहिलं परमवीर चक्र आमच्या रेजिमेंटच्या मेजर सोमनाथ शर्मांना, ३ नोव्हेंबर १९४७, बडगाम. मग १९६२ ची चीनशी झालेली रेजांग ला खिंडीतली लढाई सांगितली, मेजर शैतान सिंह आणि १३ कुमाऊंची ती कंपनी, बर्फात, शेवटच्या गोळीपर्यंत. ती सगळी कंपनी हरियाणातल्या अहिरांची होती असं तो म्हणाला तेव्हा माय पुढे वाकली. "अहिर? आमी अहिराणी बोलते," तिने तिच्या हिंदीत सांगितलं, आणि त्या माणसाने स्टिअरिंगवरचा हात काढून कपाळाला लावला. कुठला हरियाणा, कुठला लडाख, कुठलं अमळनेर. पण माय त्या क्षणापासून त्याला "भाऊ" म्हणायला लागली आणि तो तिला आमा, म्हणजे आजी.

आम्हाला जे लॉज मिळालं ते बाजाराच्या खालच्या अंगाला होतं, चार खोल्या, एक बाई चालवायच्या, आम्ही त्यांना दीदी म्हणायला लागलो. संध्याकाळी समोर हिमालय दिसतो म्हणून गच्चीवर एक पाटी होती, त्रिशूल ७,१२० मीटर, नंदादेवी ७,८१६ मीटर, आणि त्या दिशेला नुसता करडा धूर. जंगलं लागली होती. त्या दिवसांत असंच असतं, दीदी म्हणाल्या, पाऊस पडला की एका रात्रीत सगळे पहाड समोर येऊन उभे राहतात. आम्हाला ते दिसले नाहीत.

जेवायला मडुव्याची, म्हणजे नाचणीची, रोटी होती, काळपट, जाड, वर तूप, आणि गहतची डाळ. गहत म्हणजे आपले हुलगे. मायने रोटीचा तुकडा मोडला, बोटांनी चुरून बघितला, आणि म्हणाली कळण्याच्या भाकरीची बहीण आहे ही. मग तिने पिशवीतून सांजोऱ्यांचा डबा काढला आणि दीदींना दिल्या, आणि त्या कशाच्या म्हणून विचारल्यावर आखाजी सांगायला बसली, मोडक्या हिंदीत, हातवाऱ्यांनी, झोका कसा, घागर कशी, पोरी कशा येतात. दीदी ऐकत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, हमारी भिटौली. चैत महिन्यात भाऊ लग्न झालेल्या बहिणीकडे कपडे आणि खायचं घेऊन जातो, त्याला भिटौली म्हणतात. आणि घुघुती नावाचं एक कवड्यासारखं पाखरू आहे, ते चैतात ओरडायला लागलं की सासुरवाशिणीला माहेर आठवतं. दीदींचा भाऊ फौजेत होता, तो आता नाही. तरी चैतात त्या त्याच्या नावाने स्वतःच पुऱ्या करतात. माय त्यावर काही बोलली नाही, दोन सांजोऱ्या अजून काढून त्यांच्या ताटात ठेवल्या.

आठला बाजार बंद. नऊला रस्त्यावर कुणी नाही. आणि मग ती शांतता.

मी शांततेसाठीच आले होते, पुण्यात माझ्या बिल्डिंगच्या खाली चोवीस तास हॉर्न असतात, मला वाटलं मी डोकं टेकताच झोपेन, आणि झोपलेही. एकच्या सुमारास जाग आली तेव्हा माय खिडकीशी खुर्ची ओढून बसलेली. शाल डोक्यावरून घेतलेली. चंद्र मावळून गेला होता, बाहेर काळंकुट्ट.

"काय व्हयनं वं माय?"

"झोप येत नही. गाडी नही ना आठे."

मला आधी वाटलं सवयीचं म्हणतेय. आमचं घर रुळापासून दोनशे पावलांवर. लहानपणी पाहुणे यायचे ते रात्रभर जागे राहायचे आणि सकाळी म्हणायचे कसं झोपता हो तुम्ही, आणि आम्हाला प्रश्नच कळायचा नाही. गाडी गेली की भिंतीवरची भांडी किणकिणायची, तेवढंच. पण माय सवयीचं बोलत नव्हती. ती म्हणाली की तुला आठवतं का तो पाऊस.

मला आठवत होता, पण माझ्या बाजूने. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आबा रात्रीच्या पेट्रोलिंगला गेलेले, हातात कंदील, पिशवीत फटाके, म्हणजे रुळावर लावायचे ते, इंजिन वरून गेलं की फुटतात आणि ड्रायव्हरला कळतं की पुढे धोका आहे. पाऊस असा की पत्र्यावर दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. मी झोपून गेले. सकाळी उठले तर आबा चुलीजवळ बसलेले, ओलेचिंब, आणि माय त्यांच्या पाठीला गोधडी लावत होती. कुठंतरी रुळाखालची खडी आणि भराव वाहून गेला होता आणि आबांनी गाडी थांबवली होती. घरात ही गोष्ट आबांच्या शौर्याची म्हणून सांगितली जाते, मी पण माझ्या मुलाला तशीच सांगते.

मायची गोष्ट वेगळी होती. त्या रात्री बाराला पाऊस थोडा कमी झाला आणि तिच्या लक्षात आलं की बराच वेळ गाडीच गेली नाही. अप नाही, डाऊन नाही. एक वाजला, दोन वाजले. आमच्या रुळावर दर दहा-पंधरा मिनिटांना काहीतरी जायचं, मालगाडी तरी. रूळ गप्प म्हणजे पुढे काहीतरी झालंय. आणि पुढे आबा होते. ती दार उघडून उंबऱ्यात बसली ती पहाटे चारला पहिली मालगाडी हळूहळू, अगदी चालत्या माणसाच्या गतीने, गेली तोपर्यंत. गाडी गेली म्हणजे रूळ नीट झालाय, रूळ नीट झाला म्हणजे नीट करणारे जिवंत आहेत. तेव्हा ती उठली आणि चूल पेटवली.

"तवयपासून माले गप्प रात चालत नही," ती म्हणाली.

चाळीस वर्षं मी तिच्या पोटची पोर आणि मला हे माहीत नव्हतं. आम्ही तिच्यासाठी किती वेळा म्हटलं असेल की माय आता पुण्याला ये, शांत कॉलनी आहे, मागची खोली तर इतकी शांत की टाचणी पडली तरी ऐकू येईल. ती दरवेळी चार दिवस राहायची आणि भुसावळला पळायची आणि आम्ही म्हणायचो हिला घर सुटत नाही.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिच्या गुडघ्याला डोकं लावलं. किती वेळ गेला कळलं नाही. मग वारा आला. तो आधी आमच्याकडे आला नव्हता, तो लांब होता, समोरच्या डोंगराच्या उतारावर, आणि तिथं त्या हजारो झाडांत एक आवाज सुरू झाला, घुमल्यासारखा, बारीक, एकसारखा. मग तो जवळ आला. मधली दरी ओलांडून आमच्या बाजूच्या झाडांत शिरला आणि वाढत गेला, वाढत गेला, आणि मी शपथेवर सांगते, तो हुबेहूब लांबून येणाऱ्या मालगाडीचा आवाज होता, म्हणजे डब्यांची खडखड यायच्या आधी नुसती जी हवा येते ना, ती. चीडच्या सुया इतक्या बारीक आणि इतक्या असंख्य असतात की वारा त्यातून सळसळत नाही, तो वाहतो, रुळावरून गेल्यासारखा. खिडकीची काच थरथरली.

मायने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उनी वं," ती म्हणाली. "गाडी उनी."

तो आवाज आमच्यावरून गेला आणि पलीकडे चौबटियाच्या बाजूला उतरत गेला, आणि तो पूर्ण विरायच्या आत समोरून दुसरा निघाला. माय उठली, शाल काढली, नीट घडी घातली आणि पलंगावर आडवी झाली. पाच मिनिटांत तिचा घोरण्याचा आवाज. मी मात्र सकाळी ग्राउंडकडून बिगुल वाजेपर्यंत जागी होते आणि मोजत होते, किती गाड्या गेल्या.

सकाळी निघायच्या आधी ड्रायव्हर आम्हाला झूला देवीला घेऊन गेला. सात किलोमीटर, चौबटियाच्या रस्त्याला, लहानसं मंदिर, आणि घंटा. इतक्या घंटा मी कुठंच पाहिल्या नाहीत, कठड्याला, कमानीला, एकीवर एक, नवस फेडणाऱ्यांनी बांधलेल्या, काही ताटाएवढ्या आणि काही अंगठ्याएवढ्या. त्याने सांगितलेली कथा अशी की इथं पूर्वी वाघ-बिबट्यांचा फार त्रास होता, गुराख्याच्या स्वप्नात देवी आली, मूर्ती सापडली, मंदिर झालं. मग कधीतरी श्रावणात पोरं इथं झोके बांधून खेळत होती आणि देवी पुन्हा स्वप्नात आली की मलाही झोका पाहिजे. म्हणून तिला लाकडी झुल्यावर बसवलं.

बिबट्याचं मायला नवल वाटलं नाही, रावेर-यावलच्या केळीच्या बागांत काय कमी निघतात का. पण झोका ऐकल्यावर ती तशीच चपला काढून आत गेली. देवी झुल्यावर बसलेली होती, लाल चुनरी. मायने पदरातून सांजोरी काढली, पुजाऱ्याला विचारलं की चालेल का, तो म्हणाला चालेल, आणि तिने ती पायाशी ठेवली. मग ती हळू आवाजात आखाजीचं एक गाणं म्हणायला लागली. माहेरी आलेल्या पोरीला झोक्यावर बसवून जे म्हणतात ते. पुजारी, ड्रायव्हर, घंटा बांधायला आलेलं एक नवीन लग्न झालेलं जोडपं, सगळे थांबले. माझ्या लहानपणी लिंबाखाली मला झोका देताना ती हेच म्हणायची, पण तेव्हा मोठ्याने म्हणायची.

बाहेर येऊन तिने झाडाखालचं एक चीडचं फळ उचललं, ते लाकडाच्या फुलासारखं, पाकळ्या उघडलेलं, आणि पिशवीत टाकलं. पुढे आम्ही कौसानीला गेलो, तीन दिवस राहिलो, तिथंही हिमालय धुरातच होता. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही.

ते फळ आता भुसावळला आबांच्या बाकावर असतं. आषाढात एकदा रात्री दहाला मायचा फोन आला, मला धस्स झालं, तिचा फोन त्या वेळेला येत नाही. मागे पाऊस ऐकू येत होता आणि पावसाच्या वरून एक गाडी चाललेली, ती जाईपर्यंत माय बोलायची थांबली, आणि मग म्हणाली,

"अवं, ते राणीखेतनं फूल मिटी गयं. पानी लागनं ना त्याले. मी घरात उचली ली उनू."